लेकराला घेऊन परमुलखात

दिवाळी सरली की आपल्या बीडमधून कोयते निघतात. लेकरं काखेत घेऊन आपण पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातो. आज आम्ही सांगतोय ती अशाच एका आईची गोष्ट. ती मात्र थेट सातासमुद्रापार गेली.

१८८२ साली पंडिता रमाबाईंचे पती वारले. लेक मनोरमा तेव्हा वर्षाचीही झाली नव्हती. रमाबाईंनी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं. त्याच्या विक्रीतून बोटीचं भाडं उभं केलं. १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. तिथं शिकल्या, शिकवूही लागल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तो सोहळा पाहायला अमेरिकेला गेल्या. परतल्यावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. मनोरमाही मोठेपणी बी.ए. झाली आणि आईच्याच शाळेत शिकवू लागली.

त्या प्रवासात मायलेकी दोघी शिकल्या. आपल्या प्रवासात मात्र लेकराची शाळा सुटते. थोरलीच्या हातात पाटीऐवजी धाकटं भावंडं येतं.

म्हणून उचल घेण्याआधी गटाच्या बैठकीत एवढं ठरवू या: कोणाचं लेकरू आजीजवळ राहील, कोणाचं हंगामी वसतिगृहात? कोयता जाईल, पण दप्तर गावातच राहू दे.