प्रतिशिवाजीला जाऊ द्यावे काय?

खालापूर तालुक्यातील चौक हे नेताजी पालकरांचे गाव. स्वराज्याचे सरनौबत, लोक त्यांना ‘प्रतिशिवाजी’ म्हणत.

जानेवारी १६६६. पन्हाळ्यावरील हल्ला फसला, सुमारे हजार माणसे गेली. नेताजी वेळेवर पोहोचले नव्हते. महाराजांनी त्यांना पदावरून दूर करून कडतोजी गुजरांना ‘प्रतापराव’ किताबासह सरनौबती दिली.

शिस्तीच्या दृष्टीने निर्णय रास्तच. पण स्वराज्याच्या घाटवाटा, गडकोट आणि छाप्याचे तंत्र जाणणारा माणूस मोकळा सुटला! ते आधी विजापूरकरांकडे गेले. मार्चमध्ये मिर्झाराजे जयसिंगांनी पाच हजारी मनसब देऊन त्यांना ओढून घेतले. किंमत शत्रूने नेमकी ओळखली होती.

महाराज आग्र्याहून निसटताच मात्र औरंगजेबाला हाच माणूस धोक्याचा वाटू लागला. कैद, धर्मांतर, ‘मुहम्मद कुलीखान’ हे नाव आणि थेट काबूलची रवानगी.

इकडे प्रतापरावांनी मोरोपंतांसह १६७२ मध्ये साल्हेर गाजवले, तेव्हा निवड चुकली असे म्हणवत नाही. १६७४ मध्ये ते नेसरीला पडले.

नेताजी १६७६ मध्ये परतले. १९ जूनला महाराजांनी त्यांना स्वधर्मात घेतले. सरनौबती तेव्हा हंबीरराव मोहित्यांकडे होती.