चाकोरी बुजवायची कोणी?



पावसाळ्यात पुण्याच्या आसपासच्या माळांवर, सड्यांवर फिरायला गेलं की ओल्या मातीत जाड टायरांच्या चाकोऱ्या उमटलेल्या दिसतात. रस्ता सोडून जीप आणि मोटरसायकली हाकण्याचा छंद आपल्याकडे आता चांगलाच रुजला आहे. त्यावर आपण दोनच गोष्टी बोलतो. एक, ‘बंद करा हे सगळं’. दुसरी, ‘तरुण पोरं आहेत, करू द्या की’. आम्हाला आज तिसरा प्रश्न विचारायचा आहे, आणि तो पैशाचा आहे. या चाकोऱ्या बुजवायच्या कोणी, आणि कोणाच्या पैशातून? या प्रश्नाला इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा पुण्यापर्यंत येतो.

पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानात मोटारी भराभर वाढल्या. रस्ते मात्र बैलगाडीच्या काळातले. शिवाय रस्ते हा प्रांतांचा विषय, आणि प्रांतांच्या तिजोऱ्या रिकाम्या. तेव्हा 1927 साली सरकारने एक समिती नेमली. अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ज्यांचं नाव आहे, तेच हे जयकर. समितीने 1928 मध्ये अहवाल दिला. त्यातली कळीची शिफारस अशी, की पेट्रोलवर जादा कर बसवावा आणि तो फक्त रस्त्यांसाठी राखून ठेवावा. त्याप्रमाणे 1929 साली पेट्रोलवरचा कर गॅलनमागे चार आण्यांवरून सहा आणे झाला, आणि वरचे दोन आणे रस्ते निधीत जाऊ लागले. वर्षअखेरीला उरलेली रक्कम बुडायची नाही, आणि काही भाग राखून बाकीचा पैसा ज्या प्रांतात जितकं पेट्रोल जळतं त्या प्रमाणात वाटायचा.

यात दोन तत्त्वं आहेत. ज्याच्या चाकाने रस्ता झिजतो त्याने खर्च उचलावा, हे पहिलं. आणि त्याने दिलेला पैसा त्याच कामाला लागावा, हे दुसरं. तो निधी रूप बदलत आजही चालू आहे. 2000 साली त्यासाठी वेगळा कायदा झाला आणि 2018 मध्ये त्याचं नाव ‘केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी’ असं झालं. पण जयकरांच्या काळी चाक म्हणजे रस्त्यावरचंच चाक. माळावर जाळलेल्या पेट्रोलचा विचार तेव्हा कोणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं. त्यामुळे आजही माणूस पेट्रोल जाळतो डोंगरावर, आणि त्याचा कर जातो रस्त्याला. डोंगराच्या वाट्याला फक्त चाकोरी येते.

हीच विसंगती अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याला 1971 साली जाणवली. तिथल्या वाळवंटांत आणि टेकड्यांवर मोटरसायकलींचा सुळसुळाट झाला होता. त्या वर्षी झालेल्या कायद्याने, जी वाहनं सार्वजनिक रस्त्यावर येतच नाहीत त्यांचीही नोंदणी सुरू केली. पुढे अशा गाड्यांवर हिरवं स्टिकर आलं. नोंदणीचं शुल्क, अशा उद्यानांचं प्रवेशशुल्क, आणि आडरानात जळणाऱ्या पेट्रोलचा अंदाज बांधून त्यावरच्या कराचा हिस्सा, हे सगळं एका वेगळ्या निधीत जाऊ लागलं. म्हणजे जयकर समितीचाच हिशेब. फक्त तो रस्ता सोडून रानात नेला. त्या पैशातून आखीव वाटा झाल्या, पहारेकरी आले, मुलांना गाडी चालवण्याचं प्रशिक्षण मिळू लागलं. 1991 साली अमेरिकेच्या केंद्र सरकारनेही पेट्रोलकराच्या आधारावर असाच वाटांचा निधी सुरू केला. त्यातले 30 टक्के मोटारींच्या वाटांना, 30 टक्के पायी, सायकलने किंवा घोड्यावरून जाणाऱ्यांना, आणि 40 टक्के दोघांच्या सामायिक उपयोगाच्या वाटांना.

आता कोणीही विचारील, की पैसे दिले म्हणजे नासधूस करायचा परवाना मिळाला का? शंका अगदी रास्त आहे. शुल्क भरलेला माणूस हक्काने बोलतो, हे आपण रोज पाहतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात याचं उत्तर नंतर आलं. मातीची धूप ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे गेली तर वाटेचा तेवढा भाग बंद करायचा, आणि दुरुस्ती होईपर्यंत बंदच ठेवायचा. निक्सन यांच्या 1972 च्या आणि कार्टर यांच्या 1977 च्या आदेशांनी सरकारी जमिनींसाठी साधारण हीच दिशा घेतली होती. तेव्हा शुल्क ही दुरुस्तीची तरतूद झाली. वापराची परवानगी मात्र जमिनीच्या तब्येतीवर ठरते. या दोन गोष्टींची गल्लत केली की सगळी योजना फसते.

आपल्याकडे याची सुरुवातच नाही असं नाही. सिंहगडाच्या पायथ्याशी गाड्यांकडून ‘उपद्रव शुल्क’ घेतलं जातं, वन विभाग आणि गावची वन व्यवस्थापन समिती मिळून. शब्द किती प्रामाणिक आहे पाहा! तुम्ही आलात की उपद्रव होणार, तो निस्तरण्याचे पैसे द्या. साताऱ्याजवळ कासच्या पठारावरही गावकऱ्यांच्या समित्या शुल्क घेतात, गर्दी आवरतात. पण सिंहगडाने दुसरी बाजूही दाखवली. 2022 च्या मे महिन्यात खासगी गाड्या बंद करून गडावर ई-बस सुरू केल्या. गर्दी आवरेना, आणि महिन्याच्या आतच प्रयोग गुंडाळावा लागला. शुल्क घेणं सोपं असतं. बंद ठेवणं अवघड.

आणि आपल्या जमिनीला ते अवघड कामच हवं आहे. सड्यावर कातळावर किंवा जांभ्यावर मातीचा थर मोजून काही बोटांचा. ओल्यात चाक गेलं की माती दबते, पाणी मुरायचं थांबतं, चाकोरीतून वाहू लागतं, आणि दोन-चार पावसाळ्यांत तिथे ओघळ पडतो. टिटवी आणि चंडोल तर जमिनीवरच अंडी घालतात. म्हणजे ज्या ऋतूत चिखलाची मजा, नेमका त्याच ऋतूत माळ सर्वांत नाजूक.

म्हणून आमचं म्हणणं थोडक्यात असं. राखीव वनात विनापरवाना शिरणं हा कायद्याने गुन्हा आहे. तो तसाच राहावा. ज्यांना हा खेळ खेळायचा आहे त्यांच्यासाठी आधीच उघड्या पडलेल्या जागा, जुन्या दगडखाणींसारख्या, निवडाव्यात. तिथे नोंदणी, हेल्मेट, एकेरी वाट आणि शुल्क असावं. शुल्काचा जमाखर्च दरवर्षी गावच्या चावडीवर लागावा. आणि पावसाळ्यात वाट बंद करायचा अधिकार, ज्यांची गुरं त्या माळावर चरतात त्यांच्या ग्रामसभेला असावा. पैसे गाडीवाल्याने द्यावेत, पण ‘आता पुरे’ म्हणायचा हक्क गावाचा.

जयकरांनी रस्त्यासाठी दोन आणे मागितले होते. माळासाठी ते मागायचं अजून राहिलं आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.