पिल्लू मागायला यावं लागे

माझी आजी मांजराचं पिल्लू कुणाला ‘घ्या’ म्हणत नसे. ज्याला हवं त्याने दारात येऊन मागायचं, एकदा नाही तर दुसऱ्यांदाही यायचं, मग ती विचार करी. रायपूरच्या तात्यापाऱ्यात ही रीत तिच्या एकटीची नव्हती. आज त्याच शहरात रस्त्यावरून उचललेल्या पिल्लासाठी घर शोधताना मी लोकांच्या मागे लागते, फोटो पाठवते, फोनवर फोन करते. हे उलटं कसं झालं ते मला सांगायचं आहे, कारण मांजरासाठी चांगलं घर कोणतं, याचं उत्तर त्यातच आहे.

मराठी माणसं छत्तीसगडात आली ती नागपूरकर भोसल्यांच्या कारभाराबरोबर. १७४१ मध्ये भास्करपंतांची स्वारी रतनपूरवर आली. १७५८ पासून बिंबाजी भोसले तिथेच राहून कारभार पाहू लागले. १८१८ नंतर इंग्रजांच्या देखरेखीत कर्नल अ‍ॅग्न्यूने मुख्य कचेरी रतनपूरहून रायपूरला हलवली आणि तात्यापारा, बुढापारा, ब्राह्मणपारा या वस्त्यांत मराठी घरं वाढली. पुढे बेंगाल-नागपूर रेल्वेने आणखी माणसं आणली. आमचे पणजोबा त्यांतले. वऱ्हाडात ज्वारी खाणारं आमचं घर इथे धानाचं झालं.

भिंती मातीच्या, वर कवेलू. माजघरापलीकडच्या अंधाऱ्या खोलीत धानाची कोठी, बांबूच्या ताट्यांवर शेणमाती लिंपलेली, माणसाच्या उंचीची. अगहनात, म्हणजे मार्गशीर्षात, ती भरली की पुढच्या पिकापर्यंत पुरवायची. अशा घरात उंदीर शिरला की खातो त्याहून जास्त नासवतो. दूध घालणारी राउताइन ओसरीवर टेकून म्हणे, ‘हमर घर मुसवा बाढ़ गे हे,’ म्हणजे आमच्या घरी उंदीर वाढलेत, आणि आजीला कळे की बिलई, म्हणजे मांजर, मागायला आली आहे.

आजी लगेच हो म्हणत नसे. ती त्या घरी जाऊन यायची. कोठी किती खंडीची, ताक घुसळतात की नाही, दारात कुत्रा बांधलेला आहे का, दुपारी घरात कोण असतं, हे सगळं ती गप्पांच्या ओघात काढून घेई. पिल्लू द्यायचं ते त्याने आईने आणून टाकलेला उंदीर स्वतः धरल्यावरच, आणि पावसाळ्यात कधीच नाही. पैसे घ्यायचे नाहीत. पिल्लू परत आलं, आणि मांजर वाट शोधून परत येतंच, तर भांडण नाही, पण ते घर बाद. पुन्हा तिथे पिल्लू जायचं नाही.

यात दयामाया फारशी नव्हती, हे मी मान्य करते. तो धानाचा हिशोब होता. पण त्या हिशोबाने मांजराचं भलं होई, कारण घेणाऱ्याला त्याची गरज होती.

ही गरज केवढी होती ते प्लेगने दाखवलं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उठला आणि रेल्वेने, धान्याच्या पोत्यांबरोबर देशभर पसरला. उंदरांच्या पिसवांतून तो माणसात येतो हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये मांडलं आणि पुढे परळच्या प्रयोगशाळेतल्या प्लेग आयोगाच्या कामाने ते पक्कं झालं. रायपूर त्या वेळी मध्यप्रांतात होतं आणि १९०३ पासून वऱ्हाडही त्याच प्रांताच्या कारभाराला जोडलेलं होतं. त्या वऱ्हाडात, अमरावतीला, इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर अँड्र्यू बुकॅनन यांनी एक वेगळं काम केलं. त्यांनी गावोगावची मांजरं मोजवली आणि प्लेगच्या नोंदींशेजारी ते आकडे मांडले. जिथे घरोघरी मांजर तिथे प्लेग फिरकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. त्याच वर्षी जपानला गेलेले जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनीही मांजरं पाळण्याचा सल्ला दिला. पुढे कळलं की मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्याकडून तो माणसाला लागू शकतो, म्हणजे उपाय वाटला तितका सरळ नव्हता. तरीही मला त्या मोजणीचं महत्त्व वाटतं. सरकारी डॉक्टरने गावातलं मांजर मोजण्याजोगं मानलं, त्यापूर्वी असं कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही.

जुन्या काळाचं दुसरं अंगही सांगितलं पाहिजे. मांजरीण पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. त्या सातांपैकी सगळी घरं भली नसत. मागायला येणारे बहुधा मांजरी मागत, बोक्यांना गिऱ्हाईक कमी. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं ही भीती खरी होती, पण सोडून दिलं तर पाप नाही, अशी सोय माणसांनी करून घेतली. उरलेली पिल्लं पोत्यात घालून महादेवघाटाच्या पलीकडे, खारून नदीपार सोडत. नदी ओलांडली की परतत नाहीत, असं सांगत. परतत नसत, कारण बरीचशी जगतच नसत. आईचं दूध सुटलेलं नाही, शिकार येत नाही, अशा जिवाला मोकळं सोडणं म्हणजे उपाशी मारणं.

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांच्या छळाचा प्रश्न लावून धरला आणि त्यातून १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आला. त्याच्या कलम ११ मध्ये पिल्लांचं हे पोतंही बसतं: भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. साठ वर्षं उलटली तरी तो आकडा तसाच राहिला, याचा मला संताप येतो.

कोठी गेली ती आमच्या डोळ्यांदेखत. तांदूळ राइस मिलमधून पोत्याने येऊ लागला, मग पाच-दहा किलोच्या पिशवीत. कवेलूची घरं पाडून स्लॅब पडले. उंदरांसाठी औषध आलं, चिकट पुठ्ठे आले. शंकरनगर-मोव्याच्या फ्लॅटमध्ये मांजराला करायला काम उरलं नाही आणि त्याला मागायला येणारी राउताइनही उरली नाही. पोतं तेवढं राहिलं. आता ते रात्री स्कूटरवरून तेलीबांधा तलावाशी येतं.

म्हणून आज घर शोधणाऱ्याने आजीची तपासणी सोडू नये, फक्त प्रश्न बदलावेत. मी घरी जाते. गॅलरीला जाळी आहे का, हे आधी पाहते. चौथ्या मजल्यावरून पडलेली मांजरं मी पाहिली आहेत. घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारलंय का? मुलाला वाढदिवसाची भेट म्हणून हवं असेल तर मी देत नाही. घरातल्या सगळ्या मोठ्यांनी माझ्यासमोर हो म्हटलं पाहिजे, नाहीतर बदली झाली, बाळ झालं, की पिल्लू पुन्हा रस्त्यावर. गायीचं दूध पाजू नका, त्याने जुलाब होतात, हे सांगते. पहिले काही आठवडे एकाच खोलीत ठेवायला सांगते, कारण मांजर माणसाआधी जागेशी बांधलं जातं. दोन भावंडं असली तर जोडीनेच द्यायचा माझा हट्ट असतो. आणि मे महिन्यात, पारा ४४ च्या वर असताना, दिवसा कुणाकडे पिल्लू नेत नाही.

जो या प्रश्नांनी चिडतो, ते घर बाद. आजीचा हा नियम मी तसाच ठेवला आहे.

दुर्गजवळच्या अंजोऱ्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथून शिकून आलेले डॉक्टर आता रायपुरात आहेत. आजीच्या काळी ही सोय नव्हती, ती वापरा. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नका. लशीचा पहिला डोस आपल्याकडे असतानाच द्या, रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. मांजरी पाच-सहा महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते, तेव्हा नसबंदीचं वचन घेऊन थांबू नका, तारीख ठरवा आणि त्या दिवशी स्वतः सोबत जा. मनासारखं घर मिळेपर्यंत पिल्लू आपल्याकडेच राहू द्या.