गर्भजल परीक्षणाचे कूळ

बाळंतपणात पाणमोट फुटली की अनुभवी सुईण आधी पाण्याचा रंग बघते. पाणी स्वच्छ असेल तर जीव भांड्यात पडतो. हिरवट असेल तर बाळाने पोटातच शी केलेली असते, मग धावपळ सुरू होते. पाण्याचा रंग प्रसूतीपूर्वीच पाहता आला तर? गर्भजल परीक्षणाच्या सुरुवातीलाही पाण्याचा रंगच होता.

मँचेस्टरचे डॉक्टर डग्लस बेव्हिस यांच्यासमोर आरएच निगेटिव्ह माता होत्या. अशा काही मातांच्या रक्तातली प्रतिद्रव्ये बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात, त्यातून सुटलेले बिलिरुबिन गर्भजलात उतरते आणि पाणी गडद पिवळे होते. पोटातून सुई घालून बेव्हिस यांनी ते पाणी काढले, तपासले आणि बाळाला किती धोका आहे याचा अंदाज बांधता येतो, हे १९५२मध्ये मांडले. पुढे न्यूझीलंडमध्ये विल्यम लायली यांनी त्या पिवळेपणाचे नेमके मोजमाप बसवले आणि १९६३मध्ये गर्भातल्या बाळाला रक्त देऊन दाखवले. मरणाच्या दारातली बाळे वाचवण्यासाठीच ही सुई हाती घेतली गेली होती.

या पाण्यात बाळाच्या अंगावरून सुटलेल्या पेशीही तरंगत असतात. कोपनहेगनच्या फ्रिट्झ फुक्स आणि पॉवल रिस यांनी १९५६मध्ये त्या रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. मुलीच्या पेशीकेंद्राच्या कडेला एक गडद ठिपका दिसतो, मुलाच्या पेशीत तो नसतो. त्यांची काळजी हिमोफिलियाची होती. हा आजार आईकडून येतो आणि बहुतेक मुलग्यांनाच जडतो. तिथे मुलगा असणे हीच धास्ती होती! १९६६मध्ये या पेशी प्रयोगशाळेत वाढवून गुणसूत्रे मोजता आली आणि दोन वर्षांत डाऊन सिंड्रोमचे गर्भातले निदानही झाले.

भारतात १९७५च्या सुमारास दिल्लीच्या एम्समध्ये हे तंत्र आले, तेही व्यंग शोधण्यासाठी. पण मुलगी आहे असे कळताच गर्भपाताची मागणी होऊ लागली. सरकारी रुग्णालयांत लिंगनिदानावर बंदी आली, तेव्हा खासगी दवाखान्यांनी दुकान मांडले. आता थोडे पैसे खर्चा, पुढचा हुंडा वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती झळकल्या. मुंबईत स्त्री संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते एकत्र येऊन लढले. त्यातून १९८८मध्ये महाराष्ट्राने लिंगनिदान रोखणारा देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४चा. तोवर सोनोग्राफीने लिंग कळण्यासाठी सुईची गरजच उरू दिली नव्हती. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१मध्ये ९४६ मुली होत्या, २०११मध्ये ८९४ राहिल्या.

या इतिहासामुळे आपल्याकडे गर्भजल परीक्षण म्हटले की गुन्हाच आठवतो. तो आठवायलाच हवा. पण ज्या जोडप्याचे पहिले मूल थॅलेसेमियाने आजारी आहे, त्याच्यासाठी साधारण सोळाव्या आठवड्यात काढलेले ते १५-२० मिलिलिटर पाणी हा आजही मोठा आधार आहे. कायदाही ही तपासणी रोखत नाही. लिंग सांगणे रोखतो. गर्भपाताचा थोडा धोका तिच्यात आहे, तो आधी नीट समजावून सांगायला हवा. गरजू आईला ही तपासणी लाज आणि संशयाविना मिळावी, आणि लिंग सांगणाऱ्याला कायद्याची पूर्ण जरब बसावी. या दोन्ही मागण्या एकदम करण्याचा आपल्याला हक्क आहे, कारण पहिला कायदा आपल्याच राज्याने केला.