अर्जुनाचे मोठे अक्षर

आलापल्लीच्या किंवा ताडोब्याच्या जंगलात झाडांची शास्त्रीय नावे वहीत उतरवून घेताना मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची एका ठिकाणी हमखास अडचण होते. सागाचे नाव 'टेक्टोना ग्रँडिस'. रोमन लिपीत लिहिताना पहिल्या शब्दाचे आद्याक्षर मोठे, दुसऱ्याचे लहान. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीतच. त्यामुळे विद्यार्थी दोन्ही शब्दांना मोठे अक्षर देतो, नाहीतर एकालाही देत नाही. गुण कापले जातात, कारण मात्र कळत नाही.

प्राचीन रोमच्या शिलालेखांत फक्त मोठी अक्षरे आढळतात. लहान अक्षरांचे वळण हस्तलिखितांतून हळूहळू घडले आणि आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेनच्या राज्यात त्याला एकसारखे, सुबक रूप आले. दोन्ही एकत्र नांदू लागली तरी मोठे अक्षर कोठे वापरावे याबाबत एकमत झाले नाही. जर्मन भाषेत आजही प्रत्येक नामाला मोठे अक्षर देतात. इंग्रजी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर शीर्षकातील सगळ्या महत्त्वाच्या शब्दांना ते मिळते. ग्रंथालयाच्या सूचीत तेच शीर्षक बहुधा पहिला शब्द आणि विशेषनामे सोडून लहान अक्षरांत उतरते.

लिनियसने १७५३ साली वनस्पतींना दोन शब्दांची नावे दिली, तेव्हा दुसरा शब्द साधे विशेषण असेल तर लहान अक्षर, आणि ते नाम असेल तर मोठे, अशी रीत त्याने ठेवली. म्हणून त्याच्या ग्रंथात आंब्याच्या नावातील 'इंडिका' लहान अक्षराने सुरू होते आणि आवळ्याच्या नावातील 'एम्ब्लिका' मोठ्या. दीडशे वर्षांनंतरही ही रीत टिकून होती. भारताचे पहिले वन महानिरीक्षक डीट्रिख ब्रँडिस यांच्या १९०६ सालच्या 'इंडियन ट्रीज' या ग्रंथात 'टर्मिनालिया अर्जुना' यातील अर्जुनाला मोठे अक्षर आहे. खैराच्या 'कॅटेचू'ला आणि बिजाच्या 'मार्सुपियम'लाही ते आहे. सागाच्या 'ग्रँडिस'ला नाही, कारण त्याचा अर्थ नुसता 'भव्य' एवढाच. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात ही चारही झाडे शेजारी शेजारी उभी असतात.

या रीतीत एक गैरसोय होती. अक्षर मोठे की लहान हे ठरवायला शब्दाचे कूळ ठाऊक असावे लागे. लॅटिन न शिकलेल्या माणसाने ते कसे ओळखावे? शिवाय मधल्या मोठ्या अक्षरामुळे दुसरा शब्दही प्रजातीचे नाव वाटे. प्राणिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संहितेने १९६१ साली प्रश्न निकालात काढला : पहिल्या शब्दाचे आद्याक्षर मोठे आणि जातिवाचक शब्दाचे नेहमीच लहान, मग तो माणसाच्या नावावरून आलेला का असेना. वनस्पतिशास्त्रात जुन्या रीतीची सवलत बराच काळ राहिली, पण हळूहळू तेथेही लहान अक्षरच रूढ झाले. आम्हांला हा बदल योग्य वाटतो. व्युत्पत्तीची परीक्षा घेऊन झाडाची ओळख पटत नाही.

प्राणिशास्त्रातील नियमाचे ठळक उदाहरण सिरोंच्यासमोर, प्राणहितेच्या पलीकडच्या तीरावर सापडले. सिरोंच्याजवळच्या कोटा गावावरून ज्या खडकांना नाव मिळाले, त्याच खडकांतून प्रचंड डायनोसॉरची हाडे निघाली. उत्खनन रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९६१ सालीच चालू होते. १९७५ साली त्याचे नामकरण 'बारापासॉरस टागोराय' असे झाले. 'बारापा' म्हणजे बंगालीत मोठ्या पायाचा. मोठे अक्षर या पायाला मिळाले, टागोरांना लहान! सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे.

आता शाळेच्या तक्त्याकडे वळू. तक्त्याचे शीर्षक इंग्रजीत असले की प्रत्येक शब्दाला मोठे अक्षर देण्याच्या ओघात 'ग्रँडिस'लाही ते दिले जाते. संगणकावर शीर्षकाची ही शैली निवडली की यंत्रही तेच करते. शीर्षकातसुद्धा जातिवाचक शब्द लहान अक्षरानेच सुरू करावा. पाटीवर संपूर्ण नाव मोठ्या अक्षरांत रंगवले असेल, तर रोमन लिपीही देवनागरीसारखीच होते. भेद दाखवायला काही उरत नाही. तेथे शब्दांचा क्रम पाहावा. प्रजाती आधी, जाती नंतर, हा क्रम कोणत्याही लिपीत सारखाच राहतो. हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली रेघ ओढावी, कारण छापील पुस्तकात ही नावे तिरक्या अक्षरांत असतात.