देव हलायचे नाहीत: कर्ण्याच्या स्पीकरचा खोटा कोपरा

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात आमच्या घरातल्या भांडणापासून करावी लागेल.

रेवदंड्याजवळचं आमचं घर जुनं, जांभ्याच्या चिऱ्यांचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, कौलं उडाली, छप्पर नव्याने घालावं लागलं. त्याच सुमारास माझं ऑफिसचं काम घरून सुरू झालं होतं, म्हणून मी माझे दोन स्पीकर मुंबईहून तिकडे न्यायचं ठरवलं. स्पीकर म्हणजे कपाटाएवढे. जुन्या पेटंटमधल्या आकृत्या बघून एका सुताराकडून करून घेतलेले, कर्ण्याचे, आणि कोपऱ्यातच बसणारे. घरभर टेप घेऊन फिरलो. ओटीला कोपराच नाही, पडवी तीन बाजूंनी उघडी, माजघराच्या तीन कोपऱ्यांत दारं नाहीतर जिना. मोकळ्या भिंतींचा धड कोपरा अख्ख्या घरात एकच, ईशान्येचा. तिथे देवघर.

आजी म्हणाली, "देव हलायचे नाहीत. तुझी कपाटं हलव."

आता कोपराच का, ते आधी सांगतो. स्पीकरचा पडदा कडक आणि जड, हवा हलकी. पडदा हलतो, हवा बाजूला सरकते, आणि बरीचशी शक्ती फुकट जाते. मध्ये हळूहळू रुंद होत जाणारा कर्णा लावला की पडद्याची हवेवर पकड बसते. तुतारीचंही तेच तत्त्व. पण खालचे सूर म्हटले की कर्णा अवाढव्य होतो. ४० हर्ट्झच्या सुराची लाट साडेआठ मीटर लांब असते. तो सूर नीट बाहेर काढायचा तर कर्ण्याच्या तोंडाचा परीघ साधारण तेवढाच हवा, म्हणजे तोंड जवळपास सहा चौरस मीटर. आमच्या माजघराच्या दारातून ते आत यायचं नाही.

इथे कोपरा कामाला येतो. कर्णा हवेत टांगला तर आवाज चहूकडे पसरतो. जमिनीवर ठेवला तर जागा निम्मी. भिंतीला टेकवला तर पाव. दोन भिंती आणि जमीन मिळतात तिथे ठेवला तर एक अष्टमांश. मग तोंडही एक अष्टमांश पुरतं, पाऊण चौरस मीटरच्या आत. बाकीचा कर्णा म्हणजे घराच्या भिंती, आणि त्या फुकट!

ही युक्ती इंग्लंडमध्ये पॉल व्हॉइट यांनी १९३४ च्या सुमारास घरगुती कोपरा-कर्ण्यात वापरली होती. पण नाव झालं ते पॉल क्लिप्श या अमेरिकन माणसाचं. जन्म १९०४. १९२६ ला इंजिनिअर झाला, मग चिलीमध्ये विजेच्या रेल्वे इंजिनांची देखभाल, मग स्टॅनफर्ड, मग टेक्ससमध्ये तेल शोधणाऱ्यांसाठी भूभौतिकीचं काम. १९४१ मध्ये त्याने लहान आकाराच्या खर्जाच्या कर्ण्यावर एक शोधनिबंध छापला. युद्धात लष्कराने त्याला आर्कान्सामधल्या होप नावाच्या गावी दारूगोळ्याच्या चाचणी केंद्रावर पाठवलं, आणि तिथेच १९४६ मध्ये त्याने क्लिप्शहॉर्न विकायला काढला. (बिल क्लिंटन जन्मले ते हेच गाव, आणि हेच साल.) हे मॉडेल आजही बनतं.

आतली रचना बघण्यासारखी आहे. १५ इंची स्पीकर पेटीच्या पोटात. त्याचा आवाज लाकडी बोळांतून वळत वळत पेटीच्या मागच्या दोन बाजूंनी बाहेर पडतो, आणि कर्ण्याचा शेवटचा टप्पा पेटी आणि खोलीची भिंत यांच्या मधल्या फटीत तयार होतो. म्हणजे भिंत नसेल तर स्पीकर अर्धवट आहे. एक वॅट दिला तर एक मीटरवर १०५ डेसिबल, असा कंपनीचा आकडा आहे. साध्या पेटीचा स्पीकर ८७च्या आसपास असतो. अठरा डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजाला साठेक पट कमी वीज. ज्या काळात व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर मोजून दहा-वीस वॅट द्यायचे, तेव्हा हे सोनं होतं.

१९४६ ला एक स्पीकर, एक कोपरा, विषय संपला. घोळ झाला १९५८ नंतर, स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्यावर. आता दोन कोपरे हवेत, तेही एकाच भिंतीचे, मध्ये योग्य अंतर, कुठल्याही कोपऱ्यात दार नाही, खिडकी नाही. घर बांधणाऱ्याने हा विचार का करावा? क्लिप्शने स्वतः मध्ये तिसरा स्पीकर ठेवायचा उपाय सुचवला आणि त्यासाठी कोपरा न लागणारी लहान पेटी केली. तिचं नाव हेरसी, म्हणजे पाखंड. आपल्याच धर्माविरुद्ध गेल्याची अशी कबुली मला फार आवडते.

ज्यांच्याकडे कोपरा नव्हता त्यांनी तो बांधला. काटकोनात जोडलेल्या दोन भक्कम फळ्या, त्यांच्या कुशीत स्पीकर. हाच खोटा कोपरा. ऐकायला सोपं वाटतं, पण फळी थरथरली तर खर्ज तीच खाते. इंग्लंडमध्ये व्हार्फडेलचे गिल्बर्ट ब्रिग्ज तर कोपऱ्यात थेट विटांच्या पेट्या बांधा म्हणायचे, आणि लाकूड वापरायचंच तर दोन पातळ फळ्यांमध्ये वाळू भरा.

आजीला मी हे सगळं सांगितलं. तिला पटलं नाही. मग मी अलिबागच्या वेधशाळेचं उदाहरण दिलं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये नोंदींचं काम अलिबागला हलवलं. उपकरणांच्या खोल्या लोखंड न वापरता, पोरबंदरी दगडात बांधल्या. दोन वर्षं दोन्हीकडे नोंदी घेऊन ताडून पाहिल्या. म्हणजे उपकरणासाठी खोली बदलणं आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. आजी म्हणाली, "त्यांनी वेगळी खोली बांधली ना? देवघर तर नाही काढलं."

बरोबर होतं तिचं.

तेव्हा खोटा कोपरा. माजघराची लांब भिंत धरली, जिच्या दोन्ही टोकांना दारं आहेत. पहिल्या खेपेला मी १२ मिलिमीटरचा साधा प्लाय आणला, मध्ये पोकळी ठेवली आणि ब्रिग्जचं ऐकून वाळू भरली. वाळू किनाऱ्यावरची. सुतारकाका नको म्हणत होते. जुलैत त्या खारट वाळूने हवेतलं पाणी ओढून घेतलं, प्लाय फुगला, स्क्रू गंजले, आणि पखवाजाच्या एका विशिष्ट थापेला डावी फळी चक्क गुणगुणायला लागली.

दुसऱ्या खेपेला होडीच्या कामाला वापरतात तो १९ मिलिमीटरचा मरीन प्लाय. प्रत्येक फळी चार फूट रुंद, मागून सागाच्या आडव्या पट्ट्या, पितळी स्क्रू. स्पीकरची मागची कड फळीला टेकते तिथे फोमची पट्टी. ही पट्टी फालतू वाटते, पण तिथून हवा गळली तर खालचा सूर जातोच. पट्टीशिवाय आणि पट्टीसकट असं दोनदा ऐका, मी पुढे काही बोलणार नाही.

चार फुटांची फळी खरी भिंत होत नाही, हे मान्य. साधारण ७० हर्ट्झच्या खाली लाट इतकी लांब होते की तिला फळीची कड जाणवते आणि ती वळसा घालून मागे जाते. मागे जांभ्याची भिंत जवळ आहे म्हणून थोडी भर निघते. तरी तबल्याच्या डग्ग्याला जे वजन आलंय ते मोकळ्या भिंतीशी कधीच नव्हतं. ऑर्गनचा अगदी खालचा सूर हवा असेल तर मात्र देवघराचाच कोपरा लागेल.

हल्लीच्या क्लिप्शहॉर्नची पाठ बंद असते. कर्ण्याच्या शेवटच्या टप्प्याच्या भिंती पेटीतच आल्या, म्हणजे खोटा कोपरा कंपनीनेच बांधून दिला म्हणा. माझी जोडी जुन्या आकृतीची, त्यामुळे माझ्या फळ्या राहणार. स्वयंपाकघराचं दार उघडायला हवं म्हणून त्यांना बिजागऱ्या लावल्यात, घडी होते.

गणपतीत आजीने डाव्या कोपऱ्याच्या दोन्ही फळ्या मागून घेतल्या. मखराला पाठ हवी होती आणि इतका सरळ प्लाय घरात दुसरा नव्हता. पाच दिवस उजवा स्पीकर एकटाच वाजला, १९४६ सारखा, आणि आरत्या मोनोमध्ये झाल्या.