वचनाचा आधार

१९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठे आध्यात्मिक संजीवन झाले. मुली रडल्या, पापे कबूल केली, तासन्‌तास प्रार्थनेत राहिल्या. पंडिता रमाबाईंनी हे सारे पाहिले, देवाचे उपकार मानले. पण त्या अनुभवावरच विसंबल्या नाहीत. हिब्रू व ग्रीक शिकून साध्यासुध्या बायकांनाही कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करण्यात त्यांनी उरलेले आयुष्य वेचले. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या; १९२४ साली संपूर्ण बायबल छापून निघाले.

आम्ही मात्र धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारतो, ‘प्रार्थनेत तुला काय जाणवले?’ ज्याला काहीच जाणवलेले नसते, ते मूल मान खाली घालते. चूक आमची. त्याच्या हाती आधी शुभवर्तमान द्यायला हवे. मन कोरडे असले तरी ते उघडून वाचता येते.